काय खटकते ते सांग

गजभिये मॅडमना कंपनीत स्वतंत्र केबिन होती, पण त्या तिच्यात बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. आठवतात त्या चालताना. सकाळी सगळे आपापल्या जागी टेकले की त्या निघायच्या. हातात घरून आणलेला स्टीलचा पेला, त्यात पँट्रीतला चहा, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत आवाज न करणाऱ्या रबरी चपला. आमच्या टेबलांच्या रांगांमधून त्या अशा सावकाश जायच्या की जणू बांधावरून धान बघत चालल्या आहेत. माहेर कुहीजवळच्या एका खेड्यातलं, भावाची शेतीही धानाचीच, त्यामुळे चाल तिकडचीच असावी. मध्येच एखाद्याच्या खुर्चीमागे थांबायच्या.

"काय गा, डोळे काहून सुजले? रात्री झोपला नाही का?"

"कॉल होता मॅडम."

"कॉल रोजच राहते. झोपतं कवा मंग?"

एवढंच बोलून पुढे. पण त्या आठवड्यात त्या मुलाचे कॉल दुसऱ्या कुणाकडे तरी वाटले जायचे. कसे, ते कुणाला कळायचं नाही.

आमची कंपनी अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. माणसं बहुतेक नागपूरची आणि आसपासची. भंडारा, उमरेड, हिंगणघाट इथून आलेली. मॅडम एचआर बघायच्या. केबिनच्या दारावर 'ह्यूमन रिसोर्स' अशी पाटी होती आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दावर त्यांनी एक कॅलेंडर टांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रिसोर्स म्हंजे उमरेडच्या खाणीतला कोळसा. माणसाले माणूस म्हणाले काय जाते?" मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, की मला दोन रिसोर्स कमी पडताहेत, तर त्या शांतपणे विचारायच्या, "नाव काय त्यायचं?"

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून येत होतो. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला.

"पगार तिथं जास्ती. कंपनी मोठी. इकडं काहून येऊन राहिला?"

मी पाठ करून आलो होतो ते म्हणून टाकलं. नवी आव्हानं, वाढीच्या संधी, वगैरे. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "हे सगळेच सांगतेत. आता खरं सांग."

"बाबांना लकवा झालाय. आई एकटी पडते."

"मंग हे पहिले सांगाचं ना, भैताडा!"

मुलाखतीत मला भैताड, म्हणजे वेडपट, म्हणणारी ही पहिलीच बाई. नोकरी लागली हे मला तिथंच कळलं. रुजू झाल्यावर पाहिलं, तर माझी वेळ त्यांनी न मागता सकाळची करून ठेवली होती, म्हणजे दुपारनंतर बाबांना व्यायामासाठी नेता यावं. त्याबद्दल आभार मानायला गेलो तर त्यांनी विषयच बदलला. "कुठं राहता? मनीषनगर? मी बी तिकडचीच. तुमच्या इकडं पाणी किती वेळ येते?"

नवा माणूस थोडा रुळला की मॅडम त्याला पँट्रीत चहाला बसवायच्या. हा त्यांचा रिवाज कंपनीच्या कुठल्या नियमात नव्हता. कागद नाही, पेन नाही. विचारायच्या दोनच गोष्टी. "पहिले आवडते ते सांग. नाही तर मले वाटते, इथं सगळं जळूनच राहिलं आहे." माणूस सांगायचा. मग त्या पुढे सरकून बसायच्या. "आता काय खटकते ते सांग."

आवडण्याच्या बाबतीत मे महिन्यात सगळ्यांचं एकच उत्तर असायचं. एसी. नागपूरच्या उन्हाळ्यात घरच्या कूलरमधलं पाणीसुद्धा तापतं, तेव्हा आमच्याकडे सुट्टीच्या शनिवारीही निम्मी कंपनी हजर असायची. काम काही नसायचं. नुसतेच कॉम्प्युटर सुरू करून बसलेले असायचे. एकदा तर एकानं आजीलाही आणून पँट्रीत बसवलं होतं. मॅडमनी त्याला रागवायच्या आधी आजीला ताक दिलं आणि नंतर रागवायचं राहूनच गेलं. बाकीची उत्तरं वेगवेगळी. आईच्या हातचा डबा खाता येतो. पहिल्यांदाच घरात कुणाच्या तरी गळ्यात ओळखपत्र आलं. संध्याकाळी मित्रांबरोबर तर्री पोहे खायला जाता येतं. प्रणय ढोबळे माझ्या शेजारी बसायचा, पवनीकडच्या खेड्यातून आलेला. तो म्हणाला होता, "मॅडम, इथं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही, हे आवडते."

मॅडमनी पेला खाली ठेवला म्हणे. मग म्हणाल्या, "येते गा कधी कधी. पण कमी येते, हे खरं आहे."

खटकण्याच्या गोष्टी जास्त सारख्या असायच्या. रविवारी जेवताना येणारे मेसेज. आपलं घर जेवायला बसतं तेव्हा अमेरिका जागी होते आणि ताट झाकून ठेवावं लागतं. चूक एकाची आणि मेल सगळ्यांना. केलेलं काम सादर करणारा दुसराच. मॅडम मान हलवत ऐकायच्या. होईल ते लगेच करायच्या, होणार नसेल तर तसंही सांगायच्या. "हे माझ्या हातात नाही. खोटं नाही सांगत तुले." त्यांचं 'नाही' ऐकूनही माणसं हलकी होऊन बाहेर पडायची.

सगळ्यांना त्या आवडायच्या असं नाही. फार नाक खुपसतात, असं काही जण म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं. एसीचा रिमोट त्या पर्समध्ये ठेवायच्या आणि दोन रांगांत भांडण लागलं की न्यायाधीशासारख्या काढायच्या. वाढदिवसाचा केक तोंडाला फासलेला त्यांना खपायचा नाही. "अन्न आहे ते, तोंडात घाला." स्नेहल नावाची, सॉफ्टवेअर तपासणारी एक टेस्टर होती, दिघोरीकडे राहायची. तिला त्या दर पंधरा दिवसांनी विचारायच्या, "लग्नाचं काय वं तुझं?" एकदा पँट्रीत बसवून त्यांनी तिलाही नेहमीचा प्रश्न केला, की काय खटकते ते सांग. स्नेहल म्हणाली, "तुम्ही लग्नाचं विचारता ते खटकते."

शेजारच्या टेबलावर आम्ही कप हातात धरून थिजलो. मॅडम आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग इतक्या हसल्या की चहा साडीवर सांडला. "बराबर आहे तुझं," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कंपनीतल्या कुठल्याच मुलीला तो प्रश्न केला नाही. स्नेहलनं मात्र त्या दिवशी आणखीही सांगितलं, की संध्याकाळची गाडी तिला घरापर्यंत न सोडता मोठ्या चौकातच उतरवून देते. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः त्या गाडीत जाऊन बसल्या. ड्रायव्हरला काही बोलल्या नाहीत. प्रत्येक मुलीच्या दारापर्यंत गाडी नेली, प्रत्येकीच्या आईला नमस्कार केला आणि शेवटी ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिऊन आल्या. गाडी पुन्हा चौकात थांबली नाही.

कंपनीचे मालक देशकर सर. मॅडम त्यांच्याकडे अगदी सुरुवातीपासून होत्या. धरमपेठेत दोन खोल्यांत कंपनी चालायची तेव्हा त्या फोन घ्यायला लागल्या होत्या, पुढे संध्याकाळच्या कॉलेजात शिकून वर आल्या. त्यामुळे त्या दोघांत एक जुनी मोकळीक होती. एका वार्षिक समारंभात सर भाषणात म्हणाले, "आपण कंपनी नाही, आपण एक कुटुंब आहोत." मॅडम आमच्या रांगेत होत्या. हळूच म्हणाल्या, "कुटुंबात नोटीस पिरेड राहते का गा?" आमच्या अख्ख्या रांगेत हशा पिकला. सरांनी माईकवरून विचारलं, काय झालं? मॅडम उभ्या राहिल्या. "सर, मी म्हटलं, कुटुंब सगळ्यायचं घरी आहे. त्यायले तिथं टाइमावर पोहचू द्या, म्हंजे झालं." सरही हसले. त्या काळात ते हसू शकत होते.

मग कंपनी बंगलोरच्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. सर नावाला राहिले आणि आमच्यावर माथुर नावाचे साहेब आले. काम वेळेत पोचवणं, म्हणजे आमच्या भाषेत 'डिलिव्हरी', ही त्यांची जबाबदारी. माणूस हुशार होता, कामाला वाघ होता, पण त्याच्या आवाजानं काचा थरथरायच्या. मीटिंगमधून मुली डोळे पुसत बाहेर येऊ लागल्या. सुट्टी मागायला जायची हिंमत कुणाला होईना.

प्रणयची बायको बाळंतपणाला माहेरी भंडाऱ्याला होती. दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तसा फोन आला. प्रणय उठून माथुर साहेबांच्या खोलीत गेला आणि परत येऊन जागेवर बसला. मला वाटलं, बॅग घेईल. तो काम करायला लागला. बऱ्याच वेळानं मला म्हणाला, "साहेब म्हणाले, डिलीवरी तो वाइफ की है ना, तेरी डिलीवरी इधर है."

भंडारा काही लांब नाही. लगेच निघाला असता तर वेळेत पोचला असता. मुलगी झाली ती त्यानं संध्याकाळी मोबाईलवर पाहिली.

काही दिवसांनी तो हे मॅडमना सांगून आला. माझं नाव येऊ देऊ नका, एवढंच म्हणाला. मॅडमनी तसा शब्द दिला.

पुढच्या आढाव्याच्या बैठकीला मी होतो, लॅपटॉपवरून आकडे दाखवायला. देशकर सर, माथुर साहेब, पडद्यावर बंगलोरची मंडळी. शेवटी मॅडमची पाळी आली. त्या म्हणाल्या, घरच्या अडचणीत सुट्टी मागायला लोक घाबरतात, त्यांच्याशी बोललं जातं ते बरं नाही, असं चाललं तर चांगली माणसं निघून जातील. कुठलाही प्रसंग त्यांनी सांगितला नाही. प्रसंग सांगितला असता तर माणूस लगेच कळला असता.

माथुर साहेब म्हणाले, "किसने बोला? नाम बताइए."

"नाम नहीं बताऊंगी सर."

"बिना नाम के तो ये गॉसिप है, मॅडम."

"जिसने बोला, उसको मैंने जबान दी है. आप मेरा नाम लिख लो." मॅडमचं हिंदी नागपूरच्या महाल भागातल्या दुकानांत चालतं तसलं, पण त्या दिवशी त्यात एकही शब्द अडखळला नाही.

बैठक मोडली. मी वायर गुंडाळत होतो तेव्हा देशकर सर मागे थांबले आणि मॅडमना म्हणाले, "वैजयंतीताई, सांगून टाका ना नाव. विषय संपवून टाकू."

"सर, नाव सांगतलं तर विषय नाही संपत. माणूस संपते."

पंधरवड्यात आदेश आला. एचआरचं काम पुण्याहून चालणार आणि मॅडमनी इमारतीची व्यवस्था बघायची. म्हणजे एसी, गाड्या, पँट्री, स्वच्छतागृहं. केबिन गेली. त्यांचं टेबल पँट्रीच्या दाराशी लागलं. सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, तीच इस्त्रीची साडी, तोच पेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मॅडम, जागा बदलली."

"हो गा. चहा जवळ आला."

पण दुपारी मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्या पाण्याच्या मशीनपाशी उभ्या होत्या. पेला काठोकाठ भरला होता. त्या तो पीतही नव्हत्या आणि ठेवतही नव्हत्या. मी तसाच परत फिरलो.

माणसं काही थांबली नाहीत. आता पँट्रीत जायला कारणही लागत नव्हतं. पुण्याहून काही महिन्यांसाठी पाठवलेल्या एचआरच्या मुलीनं आमच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज सकाळी त्यात पाच चेहरे यायचे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि आपल्याला कसं वाटतंय तो चेहरा दाबायचा. सगळे घाईघाईनं हसरा दाबायचे. ती मुलगी भली होती. महिनाभरात तीही मॅडमच्या टेबलाशी स्टूल ओढून बसू लागली. तिला नागपूरचं जेवण तिखट लागायचं आणि घरची फार आठवण यायची.

मग बंगलोरचे सर्वांत मोठे साहेब भेटीला आले. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सगळी कंपनी जमली. चांगलं बोलले ते. शेवटी म्हणाले, कुणाला काही सांगायचं असेल तर मोकळेपणानं सांगा. असं नेहमीच म्हणतात आणि नेहमीच कुणी बोलत नाही. मॅडम मागच्या बाजूला समोस्यांच्या ताटल्या लावून घेत होत्या.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. प्रणय उभा राहिला.

"सर, गजभिये मॅडमने जिसका नाम नहीं बताया था, वो मैं हूँ," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण हॉल शांत होता. त्यानं बायकोचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं आणि माथुर साहेबांचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. डिलिव्हरीच्या शब्दावर मागे कुणीतरी हसलं, त्याला विनोद वाटला असावा. मग ते हसू मध्येच तुटलं. प्रणय खाली बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात पलीकडून स्नेहल उठली. मग आणखी एक मुलगी. मग हिंगणघाटचा एक मुलगा, जो एरवी कुणाशीच बोलत नसे. माथुर साहेब समोरच्या रांगेत पाठमोरे बसले होते. त्यांची मान मला दिसत होती, ती जराही हलली नाही.

सभा संपल्यावर मला वाटलं, मॅडमना बरं वाटलं असेल. जिन्यापाशी पाहिलं तर त्यांनी रागानं प्रणयचा दंड घट्ट धरला होता.

"काहून बोलला? मी म्हटलं होतं का तुले बोल म्हणून?"

"मॅडम, तुमची केबिन माझ्यामुळं..."

"केबिनले काय आग लावाची आहे? लेकरू लहान आहे तुझं! आज रात्री मेल आला अन् नोकरी गेली, तं काय करशीन?"

प्रणयनं वर पाहिलं. मग म्हणाला, "अन् ती मोठी झाल्यावर तिले काय सांगू, मॅडम? बाबा काहून नव्हते आले म्हणून?"

मॅडमचा हात सैल पडला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. येणारी-जाणारी माणसं आम्हा तिघांना वळसा घालून जात होती. मग म्हणाल्या, "समोसा खाल्ला का तुम्ही? जा. गार होऊन राहिले."

प्रणयची नोकरी गेली नाही. माथुर साहेबांना काही महिन्यांनी बंगलोरला परत बोलावलं. जाताना त्यांना रीतसर केक आणि पुष्पगुच्छ दिला गेला आणि तो समारंभ व्यवस्था बघणाऱ्या म्हणून मॅडमनीच पार पाडला, नीट, काही कमी न करता. पुढे बाळंतपणात बापालाही सुट्टी मिळेल, असा नियम मुख्य कार्यालयाकडून आला. त्यात नागपूरचा उल्लेख नव्हता. मॅडमना एचआर परत मिळालं नाही. कुणी मागितलंही नाही, त्यांनी तर नाहीच. निवृत्त होईपर्यंत त्या पँट्रीच्या दाराशी बसल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी समारंभ करू दिला नाही. दुपारी देशकर सर आपला कप घेऊन खाली आले आणि त्यांच्या टेबलाशी बसले. धरमपेठेतल्या त्या खोल्यांच्या छताचं काहीतरी निघालं, पावसात कॉम्प्युटरवर प्लास्टिक टाकून बसायचो म्हणून. सर उठताना म्हणाले, "ताई, तेव्हा माझं चुकलं."

"चुकलं सर," मॅडम म्हणाल्या. "बसा, अर्धा कप घ्या अजून."

सर पुन्हा बसले.

त्यानंतर वर्षभर माझी आणि मॅडमची गाठ पडली नाही. मनीषनगरातच राहत असूनही नाही. फोनवर बाबांची चौकशी करायच्या तेवढीच. मग परवा थंडीत एका सकाळी बेसा रोडवर गाड्या तुंबल्या. पुढे एक पांढरी मोटार भर चौकात बंद पडली होती. डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. मागून हॉर्नवर हॉर्न. मी स्कूटर काढत काढत शेजारी आलो आणि पाहिलं, तर स्टेअरिंगवर गजभिये मॅडम. पाठ ताठ, चष्मा नाकावर घसरलेला. बाजूला शिकवणारा मास्तर घामाघूम. त्या मात्र निवांत होत्या. मागच्या बुलेटवाल्यानं फारच लावून धरलं तेव्हा त्यांनी सावकाश काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"थांब गा जरासा. शिकून राहिली मी."

बुलेटवाल्याचा हात हॉर्नवरून निघाला. मोटार दोनदा आचके देऊन सुरू झाली, उजवीकडचा दिवा लुकलुकवत डावीकडे वळली आणि आपल्या चालीनं पुढे गेली. मी हात हलवत होतो. त्यांनी पाहिलं नाही. त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.